दहावीनंतर कुठे गेली ही मुलं? : माझ्या पीएचडीची साडेपाच वर्षं

गेल्या महिन्यात मला पीएचडी मिळाल्याचं नोटिफिकेशन आलं. तेव्हापासून खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव अशा ठिकाणांहून मुलींचे फोन येताहेत. विचारायचं साधारण एकच असतं, "मॅडम, नोंदणीला आधी काय लागतं?" फोनवर अर्धा तास बोलूनही काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून डायरी समोर ठेवून तारखांसकट लिहायला बसले आहे. पीएचडीच्या विद्यापीठाचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अडचणी सगळीकडे थोड्याफार अशाच असतात, आणि मला मदत करणारी माणसंही त्याच इमारतींत बसतात.

माझा विषय समाजशास्त्राचा आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं उच्च शिक्षणापर्यंत कशी पोचतात आणि न पोचणारी कुठे थांबतात, हा. हा विषय पुस्तकातून आलेला नाही, तेव्हा थोडं मागचं सांगते.

आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. २००५ साली एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी झाले. पहिली भाषा मराठी, १२५ मार्कांचा पेपर, बाकीचे पाच शंभरचे. कर्नाटकात मराठी माध्यम दहावीला संपतं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, उत्तरं लिहायची ती इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. बेळगावच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला 'स्कॅरसिटी' हा शब्द आला. मी तो देवनागरीत लिहून घेतला आणि खोलीवर येऊन डिक्शनरीत शोधला. 'एस-के'ची सगळी पानं चाळली, सापडला नाही. तो 'एस-सी'त असतो हे सांगणारं कोणी नव्हतं. दोन दिवसांनी एका मैत्रिणीनं अर्थ सांगितला, टंचाई. हा शब्द तर आमच्या घरात रोजचा होता.

दहावीच्या वर्गात आम्ही ३१ जण होतो. पदवीपर्यंत चौघं पोचलो. बाकीचे २७ हुशार नव्हते असं मला कधीच वाटलं नाही. आमच्यातला गणितात पहिला येणारा मुलगा आज गोव्यात एका गोदामात आहे.

एमए २०१२ साली झालं, भुतरामनहट्टीच्या कॅम्पसवर. तिथल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्राचं २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्यानंतरच्या पहिल्या काही बॅचमधली आमची एक. २०१४ पासून सरकारी पदवी कॉलेजात अतिथी व्याख्याता म्हणून शिकवते. दरवर्षी नवा अर्ज, नवी यादी.

नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, डिसेंबर २०१८ मध्ये दिली. एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं घेतलेली ती पहिलीच नेट, कॉम्प्युटरवर. केंद्र हुबळीला होतं, पहाटेच्या गाडीनं गेले. पहिला पेपर १०० मार्कांचा, दुसरा २०० चा, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठीतून शिकलेल्यांना इथे एक आधार आहे. हिंदीतल्या पारिभाषिक संज्ञा आपल्याला जवळच्या वाटतात. 'स्तरीकरण', 'अभिजन', 'प्रतिमान' मला हिंदीत लगेच कळलं आणि मग इंग्रजी प्रश्न उलगडला. केसेटला, म्हणजे कर्नाटकच्या राज्य पात्रता परीक्षेला, पर्याय इंग्रजी आणि कन्नडचा, तिथे ही सोय नाही. जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला. सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र झाले, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, थोडक्यात गेली. फेलोशिप नाही म्हणजे पुढचा सगळा खर्च पगारातून. तेव्हा नेट किंवा पीएचडी असलेल्या अतिथी व्याख्यात्याला १३ हजार मिळत, नसलेल्याला ११ हजार.

इथे कागदांचं एक सांगते, कारण सर्वांत जास्त मुली इथेच अडकतात. मराठा समाज कर्नाटकच्या मागासवर्गीयांच्या यादीत ३बी गटात आहे, केंद्राच्या ओबीसी यादीत नाही. त्यामुळे राज्याच्या फॉर्मवर मी ३बी आणि नेटच्या फॉर्मवर जनरल. चुकून केंद्राच्या फॉर्मवर ओबीसी टिक केलं तर पुढे कागद तपासताना त्रास होतो. ३बी चा जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळतो आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच कपाट उघडून तुमच्या दाखल्यावरची तारीख बघा. सीमा ओलांडून चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला शिकायला जाणार असाल तर एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला सहसा चालत नाही, हेही आधीच धरून चाला. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या काही प्रवेशांत सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते. त्यासाठी गाव वादग्रस्त भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा वेगळा दाखला लागतो.

पीएचडीची जाहिरात ऑगस्ट २०१९ मध्ये आली. नेट असल्यानं प्रवेशपरीक्षेतून सूट मिळाली, फक्त मुलाखत द्यायची होती. गाईड शोधण्यात दोन महिने गेले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी असू शकत होते. मोठ्या नावाच्या मागे लागून मी पाच आठवडे घालवले आणि मग कळलं की त्यांच्याकडे जागाच नाही. भेटायला जाण्याआधी विभागात फोन करून "सरांकडे जागा आहे का" एवढं विचारलं असतं तर ते पाच आठवडे वाचले असते. शेवटी ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी माझं पहिलं सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, वाचलं. त्यात 'सीमाभागातील उच्च शिक्षण आणि समता' असं भारदस्त शीर्षक होतं. त्यांनी एकच विचारलं, "समता मोजणार कशी?"

त्या रात्री उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा २०१८-१९ चा अहवाल उघडून बसले. देशात १८ ते २३ वयोगटात उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण २६.३ टक्के. अनुसूचित जातींचं २३, जमातींचं १७.२. मुलींचं २६.४, म्हणजे मुलांच्या बरोबरीनं. त्यात जात होती, लिंग होतं, अपंगत्व होतं, धार्मिक अल्पसंख्याकही होते. मातृभाषेचा किंवा शाळेच्या माध्यमाचा रकाना मात्र मला कुठेच सापडला नाही. माझ्या वर्गातले ते २७ जण या तक्त्यात कुठेच दिसणार नव्हते.

नोव्हेंबरच्या मुलाखतीत समितीनं नेमकं हेच धरलं. "मग तुमच्या मुलांचा आकडा आणणार कुठून?" मी म्हटलं, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. प्रत्येक शाळेत ते असतं. दाखला कोणी, कधी आणि कशासाठी नेला, हे त्यात लिहिलेलं असतं. हे उत्तर मी ठरवून गेले नव्हते. माझे वडील शाळेत शिपाई होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रजिस्टरं उन्हात वाळत घालताना मी त्यांना मदत करायची, त्यातून ते आलं. जानेवारी २०२० मध्ये नोंदणी झाली. दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागलं आणि कोर्सवर्क ऑनलाइन झालं. गावात रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर, त्यामुळे संशोधनपद्धतीची सगळी लेक्चरं मी तिथे बसून ऐकली.

ऑगस्ट २०२१ मध्ये शाळांत जाण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. बेळगाव हा एक महसुली जिल्हा असला तरी शिक्षण खात्याचे इथे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूरसाठी एकीकडची परवानगी, निपाणीसाठी दुसरीकडची. मला हे माहीत नव्हतं, त्यात दीड महिना गेला. अर्ज कन्नडमध्ये लागतो. मी कन्नड बोलते, पण सरकारी कन्नड लिहिणं वेगळं. आमच्या कॉलेजातल्या कन्नडच्या मॅडमनी तीन वेळा अर्ज दुरुस्त करून दिला. चौथ्या वेळी त्या मला शेजारी बसवून म्हणाल्या, "आता तुम्हीच लिहा, मी बघते." त्यानंतरचे सगळे अर्ज मी स्वतः लिहिले. त्यांचं नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सर्वांत वर आहे.

एका कार्यालयात माझी फाइल हरवली. सात खेपा झाल्या. प्रत्येक वेळी "नाळे बर्री", उद्या या. सातव्या खेपेला एका वयस्कर क्लार्कनी विचारलं, "पोच आहे का?" नव्हती. ते म्हणाले, "मग तुम्ही अर्ज दिलाच नाही असं होतं." नवा अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला, अकरा दिवसांत परवानगी आली. संशोधनाची पुस्तकं तुम्हाला नमुनानिवड शिकवतील. अर्जाची पोच घ्यायची हे माझ्याकडून शिका.

नोव्हेंबर २०२१ पासून क्षेत्रकाम सुरू झालं. सहा शाळा निवडल्या, चार खानापूर तालुक्यात आणि दोन निपाणी भागात. दोन बॅच धरल्या, २०१६ ची आणि २०२१ ची. २०२१ ची का, तर त्या वर्षी कोविडमुळे एसएसएलसीची परीक्षा जुलैत दोनच दिवस झाली, सगळे प्रश्न बहुपर्यायी, आणि कोणालाही नापास करायचं नाही असं सरकारनं ठरवलं होतं. त्यामुळे त्या वर्षी पुढे न गेलेल्या मुलाबद्दल "नापास झाला म्हणून थांबला" असं म्हणताच येणार नव्हतं. इतकी वर्षं सगळं त्या एका कारणावर ढकललं जात होतं. ते बाजूला काढल्यावर मागे काय उरतं, ते बघायची संधी होती.

मागे बरंच काही उरलं. दाखला नेल्याच्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' लिहिलेलं, आणि घरी गेल्यावर मुलगा पणजीला हॉटेलात. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांकडे गेले. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते हे काहींना माहीत होतं. पण कार्ड आईच्या नावावर, बँकेत आईचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. अर्ज तिथेच अडलेला. एका मुलीनं ही तीन नावं एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हे तिघी एकच बाई हाय, खरं मानतंय कोण?" आमच्याकडे 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. टेप ऐकताना तो शब्द दर वेळी दोन्ही अर्थांनी कानात शिरायचा.

घरी जाण्याची वेळ मी चुकीची धरली होती. सकाळी दहाला गेलं की कोणी भेटत नाही, सगळी शेतात. संध्याकाळी साडेसातनंतर चुलीजवळ बसून माणसं बोलतात, पण परतीची बस नसते. मग प्रत्येक गावात एक रात्र मुक्काम करायला लागले. सोबत संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवायचे. सही करायला बायका घाबरतात, कर्जाचा कागद वाटतो. आधी मोठ्यानं वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्या हातात द्या, आणि त्या दिवशी सही मागू नका. पावसाळ्यात तिकडे जायचं धाडस करू नका. कणकुंबीच्या बाजूला जुलैत रस्ता दिसत नाही. माझे दोन पावसाळे नुसते टंकलेखनात गेले. एकूण ६४ मुलाखती झाल्या. एका तासाची टेप उतरवून काढायला मला सहा-सात तास लागायचे.

पैशांचं म्हणाल तर जानेवारी २०२२ मध्ये अतिथी व्याख्यात्यांचं मानधन वाढलं, पाच वर्षांहून अधिक अनुभव आणि नेट असलेल्यांना ३२ हजार. त्यानंतर फी भरताना हात थरथरायचा थांबला. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, त्याचा मला उरलेल्या कामात फायदा झाला. त्याच महिन्याच्या शेवटी यूजीसीनं सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएचडी ऐच्छिक, असं जाहीर केलं. सासूबाईंनी पेपरात वाचलं. रात्री जेवताना म्हणाल्या, "मग तू हे सगळं कशाला करतेयस?" रागानं विचारलं नव्हतं. माझ्या मुलीला सांभाळून त्या थकल्या होत्या. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी एक ओळही लिहिली नाही.

लिहायला बसले ते एका पानामुळे. चौथ्या प्रकरणात मुली का थांबतात हे मांडलं होतं आणि त्यात एका आईचं वाक्य होतं, "पोरगी हुशार हाय, खरं लांब कोण सोडणार?" मी त्याचं इंग्रजी केलं होतं: एवढ्या लांब पाठवायला कोण तयार होईल. आणि पुढे दोन पानं पालकांच्या मानसिकतेवर, मुलींना घराबाहेर न धाडण्याच्या रूढीवर लिहिली होती. गाईड मॅडमनी सुचवलं की प्रबंध द्यायच्या आधी निवडक लोकांना त्यांचं बोलणं वाचून दाखवून ये. जानेवारी २०२४ मध्ये मी त्या घरी गेले आणि माझा अर्थ मराठीत सांगितला.

त्या माउलीनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "असं नव्हतं म्हटलं मी. पाठवायला मी तयारच हुते. फाट्यावर सोडणार कोण, असं म्हटलेलं. पहाटे सहाची बस. तीन किलोमीटर अंधार. ह्यांचा पाय मोडलेला. सोडणार कोण?"

मी त्याच तालुक्यातली. त्याच फाट्यापासून तीन किलोमीटर आत वाढलेली. माझे वडील मला दोन वर्षं सायकलवर सोडायला यायचे. 'सोडणे' या शब्दाचा तो अर्थ मला ऐकू यायला हवा होता. इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून माझ्या कानात मानसिकता आधीच बसली होती. घरी परतताना बसमध्ये मी रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

त्यानंतर सगळ्या ६४ मुलाखती पुन्हा ऐकल्या. अशी आणखी नऊ वाक्यं सापडली, जिथे मी अडचणीला अनिच्छा समजले होते. रस्ता, बसची वेळ, हॉस्टेलचं डिपॉझिट, परीक्षा फी भरायच्या दिवशी वडील गोव्यात. चौथं प्रकरण पूर्ण बदललं. त्यात चार महिने गेले. हे कोणी नुकसान म्हणेल, पण ते प्रकरण तसंच राहिलं असतं तर माझ्या प्रबंधानं त्या आयांवर एक खोटा आळ घेतला असता, तोही विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. क्षेत्रकाम करणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे, बोलणं परत नेऊन दाखवा. वेळापत्रकात त्यासाठी आधीच दोन महिने ठेवा.

पुढचं भराभर झालं. प्री-सबमिशन, म्हणजे प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण, सप्टेंबर २०२४ मध्ये. प्लॅजरिझमचा, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी साम्य किती याचा, रिपोर्ट १० टक्क्यांच्या आत लागतो. माझा पहिल्यांदा वर गेला, कारण संमतीपत्र आणि प्रश्नावली परिशिष्टात दोनदा होती आणि संदर्भसूची तपासणीतून वगळली नव्हती. ग्रंथालयात बसून स्वतः सेटिंग बघून घ्या. ९ डिसेंबरला प्रबंध दिला. पाच प्रती, बाइंडिंग आणि रंगीत नकाशे मिळून साडेसहा हजार. साडेपाच वर्षांत फी, प्रवास, झेरॉक्स, टेप उतरवण्यासाठीची मदत धरून माझे एक लाख ४० हजारांच्या आसपास खर्च झाले. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल यायला सात महिने लागले. या काळात दर पंधरा दिवसांनी विभागात एक नम्र मेल टाकत राहिले आणि प्रत्येकाची प्रिंट फाइलला लावली.

व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, २२ ऑगस्ट २०२५ ला. आई पहिल्यांदाच विद्यापीठात आली, शेवटच्या रांगेत बसली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः त्याच भागातल्या, त्याच माध्यमातल्या. तटस्थ कशा राहिलात?" मी 'सोडणार'ची गोष्ट सांगितली. त्याच भागातली असूनही मी चुकीचं ऐकलं, आणि तिथली असल्यामुळेच परत जाऊन विचारू शकले. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. सव्वा तास चाललं.

नोकरीचं विचाराल तर मी आजही अतिथी व्याख्याताच आहे. कायम जागांची जाहिरात आली की अर्ज करणार, सक्तीच्या कन्नड पेपरची तयारी सुरू आहे.

प्रबंध इंग्रजीत आहे. ज्यांनी तो घडवला त्यांना तो वाचता येणार नाही, म्हणून १६ पानांचा मराठी सारांश काढला, ८० प्रती छापल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत सहाही शाळांत आणि घरोघरी देऊन आले. एका मुख्याध्यापकांनी तो जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवला. त्या आईच्या घरी धाकटी मुलगी आता दहावीत आहे. सारांशातलं बसवेळांचं पान तिनंच मोठ्यानं वाचून दाखवलं. मग आम्ही तिघी बसलो आणि पहाटेची बस फाट्याऐवजी गावापर्यंत यावी म्हणून कन्नडमध्ये अर्ज लिहिला. मी सांगितलं, तिनं लिहिला, गावातल्या ४१ जणांनी सह्या केल्या. गेल्या सोमवारी तो डेपोत दिला. पोच तिच्याकडे आहे.